बुटात लपलेलं मिशाळ धान्य

दोस्तांनो, एक काम कराल? पटकन उठा आणि तुमचे शाळेचे बूट घेऊन या. आणले? आता ते उलटे करा. तळाला एक आकडा दिसतोय ना? ३? ४? ५? (३६, ३७ असा मोठा आकडा असेल, तर ती दुसऱ्या देशांची पद्धत. तो बूट ठेवून द्या आणि दादाचा किंवा ताईचा आणा!)

आता ओळखा पाहू, हा आकडा कशाचा?

सेंटिमीटरचा? नाही. इंचाचा? नाही. तुमच्या इयत्तेचा तर नाहीच नाही! हा हिशोब आहे धान्याच्या दाण्यांचा. खरंच! तुमच्या बुटाच्या नंबरात एक धान्य दडून बसलंय. त्याचं नाव जव. कुणी त्याला सातू म्हणतं, कुणी बार्ली. (जवसाची चटणी असते ना, ते जवस वेगळं. आणि ज्वारीही वेगळी. गोंधळू नका हं!)

झालं काय, की सुमारे सातशे वर्षांपूर्वी इंग्लंडमध्ये एक इंच म्हणजे नेमका केवढा, हे पक्कं करायचं होतं. मग राजाच्या कायद्याने ठरलं, की जवाचे तीन कोरडे, टपोरे दाणे एकामागे एक ठेवायचे. झाला एक इंच! म्हणजे एक दाणा इंचाचा तिसरा भाग. साधारण साडेआठ मिलिमीटर. पुढे बुटांचे नंबर ठरवायची वेळ आली तेव्हा चांभारांनी हाच दाणा धरला. बूट एक नंबराने मोठा म्हणजे एका दाण्याने लांब!

तीच पद्धत इंग्रजांबरोबर आपल्याकडे आली आणि इथेच राहिली. म्हणून तुमचं पाऊल वाढतं ते दाण्यादाण्याने!

आता आणखी एक गंमत. लहान मुलांच्या बुटांचे नंबर ११, १२, १३ असे वाढत जातात आणि मग एकदम १ नंबर येतो. असं का? दुकानदाराला विचारलंत तर तो म्हणेल, "असंच असतं!" पण आपण दाणे मोजू. लहान मुलांची मोजणी सुरू होते १२ दाण्यांपासून, म्हणजे ४ इंचांपासून. तो शून्य नंबर. १३ नंबर म्हणजे १२ आणि १३ मिळून २५ दाणे. तिथे लहान मुलांची यादी संपते. २६ दाण्यांना पुन्हा १ नंबर! मग ५ नंबरचा बूट किती दाण्यांचा? बरोब्बर, ३०. म्हणजे १० इंच. बूट ज्या पावलाच्या आकाराच्या साच्यावर बेतून बनवतात, त्या साच्याची ही लांबी.

आणि फक्त इंग्रजांनीच दाणे मोजले असं समजू नका. आपल्याकडे कौटिल्याच्या 'अर्थशास्त्र' या प्राचीन ग्रंथात लिहून ठेवलंय, की आठ जव म्हणजे एक अंगुल. फरक एवढाच, की इंग्रजांनी दाणे लांबीने मांडले आणि आपल्याकडे रुंदीने. दोघांच्या हाताशी पट्टी एकच!

मग हा जव दिसतो कसा? शेतात उभा असला तर गव्हासारखाच. हिरवं पातं, वर कणीस, पिकला की सोनेरी. पण कणीस जवळून बघा. त्याला मिशा असतात! लांबच लांब, ताठ मिशा. प्रत्येक दाण्याला एक. त्यांना कुसळं म्हणतात. वारा आला की आख्खं शेत मिशा हलवत डुलतं. हातात धरून उलट्या दिशेने बोट फिरवलं तर मात्र करवतीसारखं खरखरतं.

वसईतल्या पाचूबंदरचे दोस्त आता म्हणतील, "हे सगळं ठीक आहे. पण आमच्याकडे तर वसईचा किल्ला आहे, होड्या आहेत, जाळी आहेत, वाळत घातलेले बोंबील आहेत. जव कुठे आहेत?"

चला, शोधू. पहिला छापा स्वयंपाकघरावर!

दुधात घालायच्या चॉकलेटी पावडरचा डबा खाली काढा. त्याच्या मागे मुंगीएवढ्या अक्षरांत काय काय लिहिलेलं असतं. तिथे 'माल्ट' किंवा 'बार्ली' असा शब्द सापडतो का बघा. सापडला? पकडला चोर! माल्ट म्हणजे मोड आणून भाजलेलं धान्य. आणि ते बहुतेक वेळा जवाचंच असतं.

पण जवाला मोड कशाला आणायचे? नुसतं दळून का नाही घालत?

त्यासाठी एक प्रयोग. पोळीचा कोरडा तुकडा तोंडात घ्या. गिळू नका. चावा, चावा, अजून चावा. मिनिटभराने काय झालं? गोड लागायला लागला ना! साखर तर घातली नव्हती! त्याचं असं आहे, पोळीत पिष्ट असतं. पिष्ट म्हणजे साखरेचे कण एकमेकांना जोडून तयार झालेली लांबलचक माळ. माळ जिभेला गोड लागत नाही. पण तुमच्या लाळेत एक कारागीर असतो. तो ही माळ कचाकच तोडतो आणि साखर मोकळी होते. अशा कारागिरांना विज्ञानात विकर म्हणतात. इंग्रजी शाळेतले दोस्त एन्झाइम म्हणतील.

जवाच्या दाण्यातही असे कारागीर असतात. दाणा कोरडा असतो तोवर त्यांचं काम बंद. दाणा भिजला, की आतलं इवलंसं रोप जागं होतं. त्याला भूक लागते! मग कारागीर भराभर तयार होतात आणि दाण्यात साठवलेलं पिष्ट फोडून त्या बाळरोपाला गोड गोड खाऊ देतात. माणूस मोठा लबाड. तो चार-पाच दिवस मोड येऊ देतो आणि नेमक्या वेळी दाणे गरम हवेत वाळवून भाजतो. रोपाचा खाऊ आपल्या कपात!

आपल्या आज्या हेच तर करतात. तान्ह्या बाळासाठी नाचणी भिजवायची, मोड आणायचे, वाळवायची, दळायची. नाचणीचं सत्त्व! विद्या तीच, धान्य वेगळं.

आणि सांगू? विज्ञानाने शोधलेलं पहिलंवहिलं विकर कुठे सापडलं असेल? जवाच्या माल्टमध्ये! साल होतं १८३३. आन्सेल्म पायेन आणि जाँ-फ्रान्स्वा पेर्सो या दोन फ्रेंच रसायनशास्त्रज्ञांनी ते वेगळं काढलं. तोपर्यंत असे कारागीर पकडून बाटलीत ठेवता येतात हे कुणाला माहीतच नव्हतं. आज कपडे धुवायच्या पावडरीतही विकरं असतात. पण सगळ्यांत आधी हाताला लागलं ते मोड आलेल्या जवातलं!

(जगातल्या माल्टचा सगळ्यांत मोठा वाटा बिअर बनवायला जातो. ते मोठ्यांचं खातं. आपण पुढे जाऊ!)

डबा सापडला, पण शेत? पाचूबंदरात काय, अख्ख्या वसईत जवाचं शेत सापडायचं नाही. इथे भात आहे, केळी आहेत, भाजीपाला आहे, फुलं आहेत. जव का नाही?

तुम्हाला वाटेल, समुद्र जवळ आहे. हवा खारी, खाडीकाठची माती खारी. बिचारा जव मरून जात असेल मिठाने. हो ना?

चूक! आणि इथेच तर खरी मज्जा आहे.

खारेपणा सोसण्यात जव सगळ्या धान्यांत पट्टीचा पहिलवान आहे! वसई-नायगावकडची मिठागरं बघितली असतील ना? तिथे समुद्राचं पाणी उन्हात आटतं आणि मीठ मागे राहतं. तसंच शेताच्या मातीतही मीठ साठू शकतं. असं मीठ वाढलं की भाताचं रोप लवकर माना टाकतं. जव मात्र कितीतरी वेळ तग धरून राहतो. कसा? पानाच्या प्रत्येक पेशीत, म्हणजे डोळ्यांना न दिसणाऱ्या चिमुकल्या खोलीत, एक साठवणीची पिशवी असते. आत शिरलेलं मीठ जव त्या पिशवीत कोंडतो. आई लोणच्याच्या बरणीला घट्ट झाकण लावते ना, अगदी तसं! मीठ घरात आहे, पण कुणाच्या वाटेत येत नाही. बाकीची खोली आपलं काम करायला मोकळी.

अर्थात पहिलवान झाला तरी त्याला मर्यादा आहे. समुद्राच्या एक लिटर पाण्यात साधारण ३५ ग्रॅम मीठ असतं. तेवढं जवालाही झेपत नाही. सरळ समुद्रात पेरलात तर उगवणार नाही हं!

मग वसईत त्याचं बिनसलं कुठे? पावसाशी! जवाच्या मुळांना हवा लागते. शेतात पाणी तुंबलं की ती गुदमरतात. भात गुडघाभर चिखलात मजेत उभा राहतो. जवाला चिखल म्हणजे शिक्षा! शिवाय त्याला थंडी लागते. तो ऑक्टोबर-नोव्हेंबरात पेरायचा, थंडीत वाढवायचा आणि मार्च-एप्रिलमध्ये कापायचा. आपल्याकडची थंडी म्हणजे पहाटे जेमतेम स्वेटर घालण्यापुरती. जव म्हणाला असेल, "एवढ्याने माझं काय होतंय!" म्हणून आपल्या देशात तो मुख्यतः राजस्थान आणि उत्तर प्रदेशात पिकतो.

खाऱ्या मातीची गोष्ट निघालीच आहे तर सुमेरलाही जाऊन येऊ. आजच्या इराकमधला हा प्राचीन प्रदेश. तिथे दोन मोठ्या नद्या आहेत, तैग्रिस आणि युफ्रेटिस. लोकांनी कालवे खणले, शेतांना पाणीच पाणी दिलं. पण कडक उन्हात पाणी उडून जायचं आणि त्यातले क्षार मागे राहायचे. वर्षानुवर्षं असं चाललं आणि जमीन खारी झाली. गहू कमी कमी होत गेला. जव मात्र टिकला!

तिथे जव म्हणजे नुसतं अन्न नव्हतं, पगार होता. महिनाभर काम करा आणि जव मोजून घ्या! चांदी तोलायची तीही जवाच्या दाण्यांच्या हिशोबाने. शेकेल नावाचं वजन होतं, ते १८० दाण्यांचं.

आता एवढ्या धान्याचा हिशोब तोंडी कसा ठेवणार? सांगा, किती पोती आली, किती गेली? मग लोकांनी ओल्या मातीच्या पाट्यांवर खुणा करायला सुरुवात केली. अशी एक सुमारे ५,००० वर्षांपूर्वीची पाटी सापडली आहे. तिच्यावर लिहिलंय: २९,०८६ मापं जव, ३७ महिने, कुशिम. कुशिम हे त्या हिशोबनिसाचं नाव असेल, नाहीतर त्याच्या हुद्द्याचं. पण ते माणसाचं नाव असेल, तर आजवर सापडलेल्या सगळ्यांत जुन्या नावांपैकी ते एक आहे! राजाचं नाही, योद्ध्याचं नाही. जव मोजणाऱ्याचं!

अभ्यास करताना हात दुखला, की लिहिण्याची सुरुवात कुणामुळे झाली ते आता तुम्हाला माहीत आहे. थोडा दोष जवालाही द्या!

आणि आपला महाराष्ट्र? इथे कधीच नव्हता का जव? होता तर! चला पुणे जिल्ह्यातल्या शिरूर तालुक्यात. घोड नदीच्या काठावर इनामगाव आहे. पुण्याच्या डेक्कन कॉलेजच्या पुरातत्त्वज्ञांनी १९६८ पासून तिथे कित्येक वर्षं उत्खनन केलं. ह. धी. सांकलिया, झै. दा. अन्सारी आणि म. के. ढवळीकर ही त्यांतली मोठी नावं. मातीखाली काय सापडलं असेल? अख्खं गाव! घरं, चुली, रंगवलेली मडकी, धान्याच्या साठवणीच्या जागा. इसवी सनापूर्वी १६०० पासून ७०० पर्यंत लोक तिथे राहत होते. म्हणजे ती पहिली घरं आजपासून सुमारे ३,६०० वर्षांपूर्वीची.

आणि तिथल्या शेतकऱ्यांचं मुख्य पीक कोणतं होतं, सांगा? ज्वारी? बाजरी? नाही. जव!

थांबा, थांबा. ३,६०० वर्षांपूर्वीचा दाणा कुजला कसा नाही? शाब्बास, हा प्रश्न पडायलाच हवा! तो कुजला नाही, कारण तो जळला होता. एखादा दाणा चुलीपाशी सांडतो, करपतो, काळा कोळसा होतो. कोळसा बुरशीला आवडत नाही, किड्यांना आवडत नाही. त्यामुळे तो मातीत तसाच पडून राहतो, आकारासकट. मग शास्त्रज्ञ ती माती पाण्यात कालवतात. माती खाली बसते, हलका कोळसा वर तरंगतो. तो गाळून भिंगाखाली धरायचा आणि ओळखायचं, हा जव, हा गहू, हा वाटाणा, हा कुळीथ. कुणा आईच्या हातून पडून करपलेल्या दाण्यांमुळे आपल्याला ते जेवण कळलं. मला तर हे किल्ल्यातल्या तोफांपेक्षा भारी वाटतं.

इनामगावात पाऊस कमी. म्हणून तिथल्या लोकांनी बांध घातला, नदीचं पाणी वळवायला चर खणला. आणि कमी पाण्यात निभावणारा जव पेरला. मग तो गेला कुठे? हळूहळू त्याची जागा ज्वारी-बाजरीने घेतली. आणि गंमत म्हणजे ज्या भाकरीला आपण अस्सल मराठी म्हणतो, तिची ज्वारी-बाजरी मूळची आफ्रिकेतली! जवाची आठवण मात्र राहून गेली. नवरात्रात घटाभोवतीच्या काळ्या मातीत काही घरी इतर धान्यांबरोबर जव पेरतात. सातूच्या पिठात मात्र बहुतेक घरी गहू आणि डाळ असते. सातू पिठातून कधीच गुपचूप पळाला, नाव तेवढं मागे ठेवून!

इनामगावात ही घरं उभी राहत होती, साधारण त्याच काळात आणखी एक नवल घडत होतं. इथून दूर, तिबेटच्या पठारावर. तिथे ३,००० मीटरच्या वर बारा महिने शेती करून राहणं माणसाला जमत नव्हतं. इतकी थंडी! मग तिथे जव पोहोचला. त्याला गारठा सोसतो, आणि सुमारे ३,६०० वर्षांपूर्वीपासून माणसं तिथे कायमची राहू लागली. महाराष्ट्रातलं सगळ्यांत उंच शिखर कोणतं? कळसूबाई, १,६४६ मीटर. आता त्याच्यावर आणखी एक कळसूबाई ठेवा. जव त्याच्याही वर पिकतो!

तिबेटमध्ये जव भाजून दळतात. त्या पिठाला त्साम्पा म्हणतात. लडाखमध्ये असंच पीठ लोणी घातलेल्या खारट चहात कालवून गोळा करतात, त्याला म्हणतात खोलक. चहा खारट! तोंड वाकडं करू नका. बर्फात चालून आलात की कळेल त्याची चव.

जपानमध्ये उलटंच. तिथे भाजलेले जव पाण्यात उकळतात आणि उन्हाळ्यात ते पाणी थंडगार करून पितात. नाव मुगिचा. त्याचा रंग चहाचा, पण त्यात चहाची पत्ती नसतेच! कोरियातही असंच पेय घरोघरी असतं. इथिओपियात काळ्या आणि जांभळ्या दाण्यांचेही जव पिकतात. स्कॉटलंडमध्ये तो सूपमध्ये पडतो. आणि प्राचीन रोममध्ये? तिथे आखाड्यात लढणारे ग्लॅडिएटर असत. त्यांना लोक 'जवखाऊ' म्हणत! गंमत बघा, त्याच रोममध्ये चुकलेल्या सैनिकांना शिक्षा म्हणून गव्हाऐवजी जव खायला देत. एकाची ताकद, दुसऱ्याची शिक्षा!

आज मका, गहू आणि भात यांच्यामागोमाग जगात जवाचा चौथा नंबर लागतो. वर्षाला साधारण १५ कोटी टन! पण माणसांच्या ताटात त्यातला अगदी थोडा येतो. बहुतेक जव गाई, डुकरं, कोंबड्या फस्त करतात.

आणि हे तर सांगायचंच राहिलं! प्रत्येक सजीवाच्या पेशीत तो कसा घडवायचा याची कृती लिहिलेली असते. तिला डीएनए म्हणतात. माणसाच्या कृतीत सुमारे ३ अब्ज अक्षरं आहेत. जवाच्या कृतीत किती असतील? सुमारे ५ अब्ज! गवताच्या काडीची वही आपल्या वहीपेक्षा जाड!

आता तुमची पाळी. पूजेच्या सामानाच्या दुकानातून मूठभर सालासकट जव आणा. किराणा दुकानातली पांढरी, गुळगुळीत बार्ली नको. ती घासून घासून पॉलिश केलेली असते, त्यात आतलं बाळरोप निघून जातं आणि मोड येत नाहीत.

तीन बशा घ्या. प्रत्येकीत ओला कापूस पसरा आणि वर २० दाणे ठेवा. पहिल्या बशीला साधं पाणी. दुसरीला एक लिटर पाण्यात एक चमचा मीठ घालून ते पाणी. तिसरीला एक लिटर पाण्यात सहा चमचे मीठ, म्हणजे जवळजवळ समुद्रच! पाचूबंदरच्या दोस्तांनी तिसऱ्या बशीला खरं समुद्राचं पाणी वापरलं तरी चालेल. शेजारी अशाच तीन बशा गव्हाच्या मांडा आणि तीन मुगाच्या. रोज ज्याचं त्याचं पाणी शिंपडा. आठवडाभर रोज संध्याकाळी मोड मोजा आणि वहीत लिहा, अगदी त्या कुशिमसारखे!

कोण जिंकलं ते मी आधी सांगून मजा घालवणार नाही. ते तुम्ही आम्हाला पत्राने कळवा, आकड्यांसकट. आणि हो, उरलेलं खारं पाणी आईच्या मोगऱ्याच्या कुंडीत ओतू नका. मोगरा म्हणजे जव नव्हे!